मंगलोरी कौलांचा स्लॅब आणि किल्लारीची भिंत: लॉरी बेकर कोण होते?

लातूर-नांदेडमध्ये घर बांधायचं म्हटलं की उन्हाळ्यात स्लॅब तापणार, हे गृहीतच असतं. या तापण्यावर स्वस्त उपाय शोधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर १९१७ साली जन्मले, तेही बर्मिंगहॅमला.

युद्धकाळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना बोटीसाठी ते मुंबईत अडकले. तिथे गांधीजी भेटले. घराचं साहित्य पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९४५ मध्ये ते भारतात कामाला आले, डॉ. एलिझाबेथ यांच्याशी लग्न करून पिथोरागढला राहिले, नंतर केरळात गेले.

त्यांच्या भिंतीत विटा कडेवर उभ्या असतात आणि आत पोकळी राहते. विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात, उष्णताही अडते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी मंगलोरी कौलं घालायची.

मराठवाड्यात मात्र पाच मैलांत मिळतात दगड आणि माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात त्याच भिंतींखाली हजारो माणसं गेली. मातीवरचा विश्वास उडाला, ते साहजिकच. पण मोठा दोष बांधणीचा होता. जाड भिंतीचे दोन्ही थर जोडणारे आरपार दगड नव्हते, चारही भिंतींना बांधणारा पट्टा नव्हता आणि डोक्यावर माळवदाचं ओझं होतं. त्यामुळे इथे बेकर पद्धतीचं घर हवं असेल, तर पोकळीतल्या उभ्या सळया आणि भिंतींवरचे पट्टे नकाशातच आर्किटेक्टकडून दाखवून घ्यावे लागतात.

बेकर यांना भारतीय नागरिकत्व मिळालं आणि १९९० मध्ये पद्मश्री. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं.