सोबतीने सुटलेला पाश

मद्यपी माणूस म्हणजे दुबळ्या मनाचा माणूस, असे समाज दीर्घकाळ मानत आला. त्याला उपदेश करावा, शपथ घालावी आणि तरीही तो सुधारला नाही, तर त्याचा नाद सोडून द्यावा, अशीच रीत होती. ही समजूत बदलण्यास ज्यांनी मोठा हातभार लावला, ते बिल विल्सन स्वतः या व्यसनात पुरते बुडालेले होते.

विल्यम ग्रिफिथ विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजी अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे ते आजोळी वाढले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात अधिकारी झाले. त्याच सुमारास एका मेजवानीत त्यांनी मद्याची चव घेतली. स्वभावाने संकोची असलेल्या या तरुणाला मद्यामुळे चारचौघांत मोकळे वाटू लागले. १९१८ मध्ये लोइस बर्नहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्धानंतर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यांनी चांगला जम बसवला; परंतु मिळकतीबरोबर पिणेही वाढत गेले. १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि होते नव्हते ते गेले. लोइस दुकानात नोकरी करून संसार चालवू लागल्या. दारू सोडण्याची वचने विल्सन यांनी घरच्या बायबलमध्ये लिहून दिली. पण एकही वचन टिकले नाही.

न्यूयॉर्कमधील टाउन्स रुग्णालयात त्यांच्यावर वारंवार उपचार झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना समजावले, की हा केवळ नैतिक दोष नसून शरीर व मन या दोहोंना जखडणारा आजार आहे. पुढे दारू सोडलेला एबी थॅचर हा त्यांचा जुना मित्र भेटीस आला. आपल्यासारखाच माणूस यातून सुटू शकतो, हे विल्सन यांनी प्रत्यक्ष पाहिले. डिसेंबर १९३४ मध्ये ते पुन्हा रुग्णालयात दाखल झाले. तेथे त्यांना एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला आणि त्यानंतर त्यांनी मद्याला कधीही स्पर्श केला नाही.

पुढील काही महिने ते इतर मद्यपींना उपदेश करत फिरले. त्यांच्यापैकी कोणाचीही दारू सुटली नाही. विल्सन मात्र या धडपडीमुळे तगून राहिले. मे १९३५ मध्ये ते व्यवसायानिमित्त ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले. काम फसले. खिशात थोडेच पैसे उरले होते आणि हॉटेलातील मद्यगृह समोरच होते. त्या क्षणी त्यांना उमगले, की स्वतः वाचायचे असेल, तर दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोललेच पाहिजे. त्यांनी स्थानिक धर्मगुरूंना दूरध्वनी केले आणि त्यातूनच डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकांची भेट ठरली. डॉक्टर अवघी पंधरा मिनिटे देण्यास तयार होते. प्रत्यक्षात ही भेट कित्येक तास चालली. विल्सन यांनी या वेळी उपदेश केला नाही, स्वतःची कहाणी सांगितली. मध्यंतरी डॉ. स्मिथ एकदा पुन्हा घसरले. परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनीही दारू कायमची सोडली. हाच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

१९३९ मध्ये संघटनेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. आपली हतबलता मान्य करणे, आपल्याला भावेल त्या परमशक्तीचा आधार घेणे, स्वतःचे दोष तपासणे, दुखावलेल्यांची भरपाई करणे आणि इतर पीडितांना मदत करणे, हे त्यांचे सार होय. सभेला शुल्क नसते आणि सभासदांची नावे बाहेर सांगितली जात नाहीत. जन्मभराची शपथ घेण्याऐवजी फक्त आजचा दिवस दारूविना काढायचा, ही तेथील शिकवण आहे. व्यसनामुळे घरची माणसेही होरपळतात, हे जाणून लोइस यांनी १९५१ मध्ये कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' ही संघटना उभारण्यात पुढाकार घेतला.

दारू सुटली तरी विल्सन यांचे जीवन सुकर झाले नाही. अनेक वर्षे त्यांना नैराश्याने ग्रासले. धूम्रपानामुळे त्यांची फुप्फुसे निकामी झाली. येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी मात्र त्यांनी अनामिकतेच्या तत्त्वासाठी नम्रपणे नाकारली. २४ जानेवारी १९७१ रोजी, विवाहाच्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

आज या आजारावर औषधे व समुपदेशन उपलब्ध आहे. बराच काळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास जिवाला धोका संभवतो. म्हणून डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते. मात्र रुग्णालयातून घरी परतल्यावर खरी कसोटी सुरू होते. तेव्हा समदुःखी माणसांची सोबत उपयोगी पडते. भारतातही, मराठीसह अनेक भाषांत, अशा सभा भरतात. तेथे प्रत्येक जण आपली कहाणी सांगतो आणि दुसऱ्याला सावरताना स्वतःही सावरत जातो.