मशीन बदललं तरी प्रोग्राम चालला पाहिजे, यासाठी डेनिस रिचीने काय केलं?

इंजिनिअरिंग केलेल्या अनेकांना हा किस्सा आठवेल. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी उघडायचं आणि सुरुवातीलाच 'सीएलआरएससीआर' लिहून स्क्रीन साफ करायची. तोच प्रोग्राम लिनक्सवर नेला की एरर! पण त्यातलं 'प्रिंटएफ' मात्र दोन्हीकडे बिनतक्रार चालतं.

आता असं का? तर त्यासाठी डेनिस रिचीची गोष्ट माहिती पाहिजे.

रिचीचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये होते. रिची हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकला, पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण डिग्री काही अधिकृतपणे घेतली नाही. १९६७ साली तोही बेल लॅब्समध्ये लागला.

तेव्हा प्रत्येक कंपनीच्या कॉम्प्युटरची भाषा वेगळी आणि ऑपरेटिंग सिस्टीमही वेगळी. त्यामुळे मशीन बदललं की त्यासाठी लिहिलेले प्रोग्रामही बऱ्याचदा भंगारात जायचे. १९६९ साली केन थॉम्पसनने सुरू केलेलं युनिक्ससुद्धा आधी असंच एका मशीनला बांधलेलं होतं. रिचीने थॉम्पसनच्या 'बी' भाषेतून 'सी' घडवली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला.

पण खरी अडचण पुढेच होती.

सीचे कंपायलर हनीवेल आणि आयबीएमच्या मशीनवर पोचले. भाषा पोचली, पण फाईल उघडणं, वाचणं, अक्षरं छापणं ही कामं ऑपरेटिंग सिस्टीमकडे असतात आणि प्रत्येकीची पद्धत निराळी. सी भाषेत छापण्याची स्वतःची आज्ञाच नाही. ते काम लायब्ररीतलं फंक्शन करतं.

इथे रिचीचा सहकारी माईक लेस्क याने मार्ग काढला. त्याने इनपुट-आउटपुटची अशी लायब्ररी लिहिली, जी दुभाष्याचं काम करेल. प्रोग्रामने लायब्ररीशी बोलायचं आणि लायब्ररीने तिथल्या सिस्टीमशी. फंक्शनचं नाव आणि वागणं तेच, आतलं काम फक्त बदलायचं. आजची 'स्टँडर्ड आयओ' लायब्ररी यातूनच आली.

१९७७ साली रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी इंटरडेटा ८/३२ हे मशीन हाती घेतलं. मशीनमधल्या फरकांपेक्षा ऑपरेटिंग सिस्टीममधले फरकच जास्त छळतात, हे त्यांना कळून चुकलं होतं. मग त्यांनी उलटाच विचार केला. एकेक प्रोग्राम हलवण्यापेक्षा अख्खं युनिक्सच हलवू!

जुनं पीडीपी-११ होतं १६ बिटचं, नवं ३२ बिटचं. बाईट्सचा क्रमही उलटा. जुन्या मशीनच्या सवयी गृहीत धरून लिहिलेला कोड एकेक करून उघडा पडला. अशा चुका पकडायला जॉन्सनने 'लिंट' नावाचा प्रोग्राम लिहिला. शेवटी युनिक्स नव्या मशीनवर चाललं.

१९७८ साली ब्रायन कर्निघनसोबत रिचीचं सीवरचं पुस्तक आलं. त्यात सगळीकडे चालणारी इनपुट-आउटपुटची फंक्शन्स एका प्रकरणात आणि फक्त युनिक्सची दुसऱ्या प्रकरणात. सीमारेषा स्पष्ट होती.

पण पुस्तक म्हणजे नियम नव्हे. ८० च्या दशकात सी सगळीकडे पसरली आणि कंपायलरवाले आपापली फंक्शन्स जोडत गेले. म्हणून १९८३ साली अमेरिकेत समिती बसली आणि १९८९ साली प्रमाणित सी आली, लायब्ररीसकट. त्या यादीत 'प्रिंटएफ' आहे, 'सीएलआरएससीआर' नाही. लॅबमधल्या त्या एररचं कारण हेच.

आज तुम्ही नवीन ओळीसाठी एकच खूण लिहिता. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये लिनक्स त्याचं एक अक्षर ठेवतं, विंडोज दोन. ती तडजोड लायब्ररी गुपचूप करते, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

१९८३ साली रिची आणि थॉम्पसनला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००७ साली रिची निवृत्त झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवड्याभरात, न्यू जर्सीतल्या घरी एकटा राहणारा रिची मृतावस्थेत सापडला. वय ७०. जॉब्सच्या बातम्यांपुढे ही बातमी फारशी कुणाच्या नजरेत आली नाही.

पीडीपी-११ आता म्युझियममध्ये बघायला मिळतं. 'प्रिंटएफ' मात्र आजही कुठल्यातरी लॅबमध्ये कुणीतरी पहिल्यांदा टाईप करत असेल.