ज्यूल व्हर्न : विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या सीमेवरील एक चरित्र

मराठीत ज्यूल व्हर्न आला तो अद्भुताच्या दारातून. विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात त्याच्या चांद्रप्रवासाचा मराठी अवतार क्रमशः आला. पुढे भा. रा. भागवतांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या कुमारवाचकांसाठी मराठीत आणल्या. भूगर्भप्रवासाच्या कादंबरीचे नाव त्यांनी ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ असे ठेवले. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या काळापासून ‘अद्भुत’ हा शब्द आपल्याकडे इतका ऐसपैस वापरला गेला आहे की पुष्पक विमान आणि व्हर्नची पाणबुडी ही दोन्ही त्याच्या पोटात सहज मावतात. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांतील फरक शिकवताना अडचण येते ती येथेच. तो फरक व्याख्येपेक्षा व्हर्नच्या चरित्रात अधिक स्पष्ट दिसतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या शहरी झाला. वडील वकील होते आणि मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा होती. पॅरिसला जाऊन व्हर्नने कायद्याची पदवी घेतली खरी. पण त्याचे मन रमले ते नाटकांत. १८५७ मध्ये विवाह झाल्यावर तो शेअर बाजारात काम करू लागला. या सर्व काळात ग्रंथालयात बसून भूगोल, भौतिकी आणि खगोलशास्त्र यांवरील टिपणे काढण्याचा त्याचा उद्योग अखंड चालू होता. प्रकाशक एत्झेल याच्याशी गाठ पडली आणि १८६३ मध्ये बलूनप्रवासाची कादंबरी निघाली. त्यानंतर त्याला शेअर बाजाराची गरज उरली नाही. एत्झेलने त्याच्या कादंबऱ्यांच्या मालेला असाधारण प्रवास अशा अर्थाचे नाव दिले आणि आधुनिक विज्ञानाने मिळवलेले ज्ञान कथारूपाने वाचकांपुढे मांडणे हा तिचा उद्देश सांगितला. असाधारण आणि अद्भुत हे शब्द समानार्थी नाहीत. असाधारण ते नेहमीपेक्षा वेगळे असते, पण कारणांच्या साखळीत बसते. अद्भुताला ती साखळी लागत नाही.

या साखळीची व्हर्नला विलक्षण काळजी होती. १८६५ च्या चांद्रकादंबरीत त्याने नऊशे फूट लांबीची तोफ ओतवली, दारूचे वजन ठरवले आणि गणितज्ञ चुलतभाऊ आंरी गार्से याच्याकडून आकडेमोड तपासून घेतली. आज आपण जाणतो की अशा तोफेतून सुटलेले प्रवासी पहिल्याच क्षणी चिरडले गेले असते. तरीही ती विज्ञानकथाच ठरते. चूक ही हिशेबातली चूक आहे, म्हणजे तेथे हिशेब आहे. पुष्पक विमान स्वामीच्या इच्छेने चालते आणि ते कसे, असे श्रोता विचारीत नाही. विचारणे हा रसभंग ठरेल. उलट कॅप्टन नेमोची पाणबुडी विजेवर चालते, वीज सोडियमच्या घटांतून मिळते आणि सोडियम समुद्राच्या पाण्यातून, हे सर्व सांगितल्याशिवाय व्हर्न पुढे सरकत नाही. कथेच्या ओघाला त्याने थोडी बाधाही येते, हे मान्य केले पाहिजे.

भारतात व्हर्न कधी आला नाही. मात्र त्याची पात्रे आली. ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईत उतरतो आणि त्याच रात्री साष्टी ओलांडून ठाण्याच्या दिशेने आगगाडीने निघतो. याच साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगत, गोराई येथे, २००९ पासून विपश्यना पॅगोडा उभा आहे. तिथला प्रचंड घुमट आतील खांबांशिवाय, एकमेकांत अडकवलेल्या दगडांवर तोललेला आहे. तो पाहून आलेल्या विद्यार्थ्यांना या दोन प्रकारांतील भेद समजावणे सोपे जाते. अद्भुतकथेत असा घुमट मंत्राने उभा राहील आणि वाचक हात जोडील. विज्ञानकथेत दगडाची खाच दाखवावी लागेल.

फॉगची गाडी वाटेत रूळ संपल्याने थांबते आणि त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. वस्तुतः मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. कथेसाठी व्हर्नने तो तोडला. पुढे १८८० च्या एका कादंबरीत त्याने पोलादी हत्तीच घडवला. हा हत्ती वाफेवर चालतो, चाकांवरची घरे ओढतो आणि सोंडेतून धूर सोडतो. राक्षसाच्या गोष्टीत सहज खपेल असा हा प्राणी. पण त्याला जळण आणि पाणी पुरवावे लागते. या कादंबरीचा आरंभ औरंगाबादेत नानासाहेब पेशव्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर होण्याने होतो. यंत्राच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा हा लेखक नानासाहेबांच्या बाबतीत मात्र इंग्रजी वृत्तांतांवर विसंबला आणि त्यांना निखळ खलपुरुष करून मोकळा झाला. ज्याने १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र नेमोच्या रूपाने अमर केला, त्याने असे करावे हे मराठी वाचकाला खुपते.

१८८६ मध्ये पुतण्याने झाडलेल्या गोळीने व्हर्न कायमचा लंगडा झाला. त्याच वर्षी एत्झेलही वारला. १८८८ पासून तो आमियाँच्या नगरपालिकेत सभासद म्हणून काम करू लागला. एच. जी. वेल्सशी आपली तुलना झालेली त्याला रुचत नसे. १९०३ मध्ये एका मुलाखतकाराजवळ त्याने तक्रार केली की आपण चंद्रावर जाण्यासाठी तोफेची दारू वापरतो, तर वेल्स गुरुत्वाकर्षण नाहीसे करणारा धातू कल्पनेने निर्माण करतो. असा धातू त्याने आणून दाखवावा. आक्षेप व्हर्नच्या स्वभावाला साजेसा आहे, पण सीमारेषा म्हणून तो टिकत नाही. वेल्सने धातू एकदा मानला की त्यापुढचे परिणाम तो नियमाने काढतो. आणि व्हर्नची तोफही आणून दाखवता येण्याजोगी नव्हतीच.

व्हर्न २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथे वारला. मागे राहिलेल्या हस्तलिखितांत विल्हेल्म स्टोरिट्झ नावाच्या माणसाची कथा होती. हा माणूस बापाकडून मिळालेल्या गुप्त रसायनाने अदृश्य होतो. ते रसायन कोणते, त्याचे कार्य कसे चालते, हे व्हर्नने कोठेही सांगितलेले नाही. वेल्सने मात्र १८९७ च्या आपल्या अदृश्य माणसासाठी प्रकाशाच्या वक्रीभवनाचा आधार घेतला होता. मुलगा मिशेल याने १९१० मध्ये ही कथा फेरफार करून छापली आणि तिचा काळ एकोणिसाव्या शतकातून अठराव्यात नेला. मुळात शेवटपर्यंत अदृश्यच राहिलेली वधूही त्याने अखेरीस दृश्य केली. व्हर्नची मूळ संहिता वाचकांपुढे आली ती १९८५ मध्ये.