हेडमास्तर भांडारकर आणि संस्कृतची पहिली पायरी

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाव उच्चारले की पुण्यातील प्राच्यविद्या संशोधन मंदिर, तेथील हस्तलिखितांचा संग्रह आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती डोळ्यांसमोर उभी राहते. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे लेखक, प्रार्थना समाजाचे धुरीण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र भांडारकरांचे सर्वाधिक लोकांच्या हाती पडलेले लेखन कोणते, असे विचारले तर त्याचे उत्तर संशोधनग्रंथांत सापडत नाही. ते सापडते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात. तेथे हेडमास्तर असताना, वयाची तिशीही उलटलेली नसताना, त्यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी संस्कृत शिकण्याचे पुस्तक सिद्ध केले. घरी न बोलली जाणारी भाषा शाळेतल्या मुलाला कशी शिकवावी, हा प्रश्न तेव्हा संस्कृतच्या बाबतीत पडला होता. आज शहरांतल्या शाळांत तोच प्रश्न जर्मन आणि फ्रेंचच्या बाबतीत पडतो. म्हणूनच भांडारकरांच्या चरित्रातील हे काहीसे मागे पडलेले प्रकरण पुन्हा पाहण्याजोगे आहे.

मालवण ते एल्फिन्स्टन

भांडारकरांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली आणि त्या बदलीने मुलाच्या आयुष्याची दिशाच पालटली, कारण इंग्रजी शिक्षणाची सोय रत्नागिरीस होती. तेथील शिक्षण संपवून रामकृष्ण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली. महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, बाळ मंगेश वागळे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे ते चार पदवीधर. पुढच्याच वर्षी भांडारकर एम.ए. झाले.

विशेष म्हणजे संस्कृत हा त्यांचा मूळचा विषय नव्हता. इंग्रजी आणि गणित यांत ते तयार झाले होते. शिक्षण खात्याचे त्या वेळचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतकडे वळण्याचा आग्रह केला. पुण्यात दक्षिणा फेलो म्हणून असताना त्यांनी शास्त्र्यांपाशी बसून व्याकरण आणि न्याय यांचे पाठ घेतले. म्हणजे ज्या भाषेचे ते पुढे जगन्मान्य पंडित झाले ती त्यांनी वाढत्या वयात, समजून उमजून, दुसरी भाषा म्हणून आत्मसात केली होती. नवख्याला कोठे अडते, कोणता नियम आधी सांगितला तर पुढची वाट सोपी होते, हे त्यांना ताज्या अनुभवाने ठाऊक होते. पुढे त्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाची बीजे येथेच आढळतात.

पाठांतराची वाट आणि नवी गरज

त्या काळी संस्कृत शिकण्याची परंपरागत वाट पाठशाळेतून जात असे. रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मुखोद्गत करायचे, मग लघुकौमुदीची सूत्रे आणि त्यानंतर काव्य, असा तो क्रम. या पद्धतीने स्मरणशक्ती तीक्ष्ण होई, पाया पक्का होई. पण अर्थाची ओळख होण्याआधी कित्येक वर्षे निघून जात. शिवाय ही वाट बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरतीच खुली होती. मुली आणि इतर जातींची मुले यांना ती जवळपास बंदच होती.

विद्यापीठ आल्यानंतर चित्र बदलले. विद्यापीठाच्या परीक्षांत अभिजात भाषांना मानाचे स्थान मिळाले. साहजिकच हायस्कुलांत संस्कृतचे वर्ग निघाले. या वर्गांतल्या मुलाला गणित, इतिहास, भूगोल आणि इंग्रजी यांच्या जोडीने आठवड्यातील मोजक्या तासांत संस्कृत शिकायचे होते. बारा वर्षांचे अध्ययन त्याला शक्य नव्हते. शास्त्रीबुवांची पद्धत या वेळापत्रकात बसेना, आणि युरोपात छापलेली व्याकरणे शाळकरी मुलासाठी लिहिलेलीच नव्हती.

रत्नागिरीचे हेडमास्तर

१८६४ मध्ये भांडारकर सिंधमधील हैदराबादच्या हायस्कुलाचे हेडमास्तर झाले आणि १८६५ मध्ये त्याच पदावर रत्नागिरीस आले. ज्या गावी स्वतः इंग्रजी शिकले त्याच गावी ते मुलांना शिकवू लागले. तेथील काळात त्यांच्या संस्कृत पाठ्यपुस्तकांनी आकार घेतला. पहिले पुस्तक मार्गोपदेशिका. त्याच्या पुढची पायरी असलेले दुसरे पुस्तक संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका, जे १८६८ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही नावांतच लेखकाची योजना दिसते. पहिले पुस्तक वाट दाखविते, दुसरे मंदिराच्या आत नेते.

या पुस्तकांची रचना आज परिचयाची वाटते, पण त्या काळी ती येथील शाळांना नवी होती. पाणिनीने धातूंचे दहा गण सांगितले आहेत. भांडारकरांनी ते क्रमाने न घेता पहिला, चौथा, सहावा आणि दहावा हे गण पहिल्या पुस्तकात आधी घेतले, कारण या चार गणांची रूपे एका ठरावीक साच्यात बसतात आणि एकदा साचा कळला की शेकडो धातू हाती येतात. अवघड गण त्यांनी दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवले. पहिल्या काही पाठांतच वर्तमानकाळाची रूपे आणि अकारान्त नामे शिकून विद्यार्थी छोटे, पण पूर्ण वाक्य वाचू लागतो. प्रत्येक पाठात थोडे व्याकरण, मग संस्कृतमधून इंग्रजीत करावयाची वाक्ये, मग इंग्रजीतून संस्कृतात करावयाची वाक्ये आणि शेवटी शब्दसंग्रह. शिकलेला नियम लगेच वापरायचा आणि जो नियम अजून शिकविला नाही तो वाक्यात येऊ द्यायचा नाही, ही शिस्त त्यामागे होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शाळांत लॅटिन, फ्रेंच किंवा जर्मन शिकविताना भाषांतराची आणि सरावाची जी पद्धत रूढ होती, तिच्याशी या रचनेचे नाते उघड आहे. भांडारकरांनी तिला पाणिनीय व्याकरणाचा भक्कम आधार दिला, हे त्यांचे स्वतःचे काम. परकी पद्धत आणि देशी शास्त्र यांचा सांधा त्यांनी असा जुळविला की शास्त्र्यांनाही त्यात व्याकरणाची चूक काढता येऊ नये आणि मुलालाही धाप लागू नये.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. विद्यार्थी वाक्ये सोडवायला शिकला, बोलायला नाही. संस्कृत भाषा इंग्रजीच्या चष्म्यातून दिसू लागली आणि पुढे परीक्षेत हमखास गुण देणारा विषय अशी तिची ख्याती झाली. आजची जर्मनची पाठ्यपुस्तके पहिल्या धड्यापासून ऐकणे आणि बोलणे यांवर भर देतात, ते या पद्धतीतील उणीव ओळखूनच. पण ग्रंथ वाचता यावेत म्हणून भाषा शिकणाऱ्यासाठी त्या काळी यापेक्षा सरळ वाट येथे नव्हती, हेही तितकेच खरे.

जर्मन पंडितांच्या सहवासात

भांडारकरांच्या उमेदीच्या वर्षांत मुंबई इलाख्यातील संस्कृतची मोठी अध्यापनपदे जर्मन विद्वानांकडे होती. मार्टिन हाउग १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्यात होते. त्यांच्यानंतर फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात आले आणि १८८१ पर्यंत राहिले. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात १८६३ पासून गेओर्ग ब्यूलर होते. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. तिच्यातील पंचतंत्राचे भाग १८६८ पासून विद्यार्थ्यांच्या हाती पडू लागले. याच मालेत १८७६ मध्ये भांडारकरांनी संपादिलेले मालतीमाधव प्रसिद्ध झाले.

या पंडितांशी भांडारकरांचे नाते शिष्याचे नव्हते. हाउग यांच्या ऐतरेय ब्राह्मणाच्या आवृत्तीचे त्यांनी केलेले परखड परीक्षण विद्वानांच्या नजरेत भरले. पतंजलीचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यात पडतो, हे मत त्यांनी १८७२ मध्ये इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात मांडले आणि त्यावर बर्लिनच्या आल्ब्रेख्ट वेबर यांच्याशी त्यांचा वाद झडला. युरोपीय विद्वत्तेची शिस्त त्यांनी स्वीकारली, तिचे निष्कर्ष मात्र पारखूनच घेतले.

डावलले जाण्याची वर्षे

१८६८ मध्ये भांडारकर एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांची पुस्तके शाळाशाळांत लागली होती, लेखांना युरोपात मान होता. तरीही कायम प्राध्यापकपद भरण्याची वेळ आली तेव्हा सरकारने विलायतेहून पीटर पीटरसन यांना आणले आणि भांडारकरांना दुय्यम जागी बसावे लागले. पीटरसन विद्वान होते यात शंका नाही. पण इलाख्यातील प्रत्येक संस्कृत विद्यार्थी ज्यांचे पुस्तक उघडून पहिला धडा गिरवीत होता, त्यांना त्याच विषयाच्या आसनावर बसविण्यास सरकार तयार नव्हते. एतद्देशीय माणसाची गुणवत्ता कोठवर चढू द्यायची याची एक अलिखित रेषा त्या राज्यात होती आणि ती भांडारकरांच्या वाट्याला आली.

या अन्यायाने त्यांच्या कामात खंड पडला नाही. १८७४ मध्ये लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. १८७७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्र व्याख्यानमालेत संस्कृतपासून प्राकृतांतून आजच्या भाषांपर्यंतचा प्रवास त्यांनी उलगडला. मराठीचे व्याकरण ऐतिहासिक दृष्टीने पाहण्याची सवय त्या व्याख्यानांनी लावली. अखेर कीलहॉर्न मायदेशी परतल्यावर १८८२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृतचे आसन भांडारकरांकडे आले आणि १८९३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. कीलहॉर्न ज्या गटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले होते, त्याच विद्यापीठाने १८८५ मध्ये भांडारकरांना डॉक्टरेट देऊन गौरविले. १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला ते स्वतः उपस्थित राहिले; तेथे ब्यूलर प्राध्यापक होते. जे आसन स्वदेशात उशिरा मिळाले, त्याची योग्यता जर्मन भाषेच्या मुलखाने मोकळेपणाने मान्य केली होती.

वर्गाच्या बाहेर

विद्या थोड्यांच्या हाती कोंडून राहू नये, हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांमागील विचार त्यांच्या सामाजिक कार्यातही दिसतो. १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मुहूर्तमेढ रोवण्यात रानडे आणि मोडक यांच्यासह भांडारकर होते. तीच आजची हुजूरपागा. १८९१ च्या संमतिवयाच्या वादात त्यांनी धर्मशास्त्रातील वचने तपासून सुधारणेची बाजू मांडली. त्याच सुमारास आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिल्याने त्यांना समाजाचा रोषही पत्करावा लागला. शास्त्राचा आधार ज्या भाषेत होता ती भाषा ते इतरांना शिकवीत होते, त्यामुळे शास्त्र काय सांगते हे ताडून पाहण्याची मुभा आपोआपच वाढत गेली.

१८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिच्या स्वाधीन केला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः भांडारकर यांनी सरकारसाठी गोळा केलेली हजारो हस्तलिखितेही पुढे तेथेच आली. १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ त्यांच्या हस्ते झाला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्या प्रकल्पाची सूत्रे बर्लिनमध्ये शिकून आलेल्या विष्णु सीताराम सुखठणकरांनी हाती घेतली आणि १९६६ मध्ये तो पूर्णत्वास गेला.

पहिल्या धड्याचे मोल

केंद्रीय विद्यालयांत २०११ पासून तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकविली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्ष निम्म्यावर आले असताना, ती बंद करून तिच्या जागी संस्कृत किंवा अन्य भारतीय भाषा आणण्याचा निर्णय झाला आणि सहावी ते आठवीच्या हजारो मुलांची व पालकांची तारांबळ उडाली. त्या वेळी दोन भाषा एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्या. भांडारकरांच्या पुण्यात जर्मन पंडित संस्कृत शिकवीत होते आणि मालवणचा कारकुनाचा मुलगा त्यांच्याशी बरोबरीने वाद घालीत होता. भाषांचे वैर तेथे नव्हते. चिंता होती ती एवढीच की, मुलाला ती नीट कशी शिकविता येईल.

कोणती भाषा शिकवायची हे सरकारे ठरवितात. ती टिकणार की नाही हे मात्र पहिल्या वर्षीच्या वर्गात ठरते. विद्यापीठाचे नियम अनेकदा बदलले, परीक्षा बदलल्या, इंग्रजी राज्य गेले. रत्नागिरीच्या हेडमास्तरांची दोन पुस्तके दीडशेहून अधिक वर्षांनंतरही छापली जातात आणि संस्कृतची ओळख करून घेऊ पाहणारे प्रौढ विद्यार्थीही ती घेऊन बसतात. संशोधक भांडारकरांची कित्येक मते पुढच्या संशोधनाने मागे टाकली. शिक्षक भांडारकरांच्या पहिल्या पाठातली वाक्ये मात्र आजही कोणी तरी वहीत सोडवीत असतो.