तबकडींतून भेटलेली गायिका

तबकडी ही मोठी विलक्षण वस्तु आहे. गाणारा निघून जातो, पण सुई टेकतांच त्याचा कंठ पुन्हां बोलूं लागतो. विद्यार्थिमित्रहो, बिली हॉलिडे या अमेरिकन गायिकेची आमची ओळख अशीच जुन्या तबकड्यांतून झाली. तिचें चरित्र आज थोडक्यांत सांगत आहों.

बिलीचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजीं फिलाडेल्फिया शहरीं झाला. तिचें मूळचें नांव एलिनोरा. बालपण बाल्टिमोर येथें अत्यंत दारिद्र्यांत गेलें. पडेल तें काम करीत असतां एका घरीं तिला लुई आर्मस्ट्रॉंग व बेसी स्मिथ यांच्या तबकड्या ऐकावयास मिळत. तीच तिची गायनशाळा! स्वरलेखन तिला कधींच वाचतां आलें नाहीं.

पुढें न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत ती गाऊं लागली. १९३३ सालीं, अठराव्या वर्षीं, तिनें पहिलें ध्वनिमुद्रण केलें. तिचा आवाज भारदस्त नव्हता. परंतु शब्द तालाच्या किंचित् मागें रेंगाळत ठेवून ती साध्या गीतांतही प्राण ओती. सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांनीं तिला 'लेडी डे' हें नांव दिलें.

१९३८ सालीं ती आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदांत गाऊं लागली. रंगमंचावर टाळ्या पडत. पण न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत तिला सामानाच्या लिफ्टनें ये-जा करावयास सांगण्यांत आलें. त्याच वर्षअखेर तिनें तो वाद्यवृंद सोडला.

एबल मीरोपोल नांवाच्या एका शाळामास्तरानें कृष्णवर्णीयांस झाडास टांगून मारणाऱ्या झुंडशाहीवर 'स्ट्रेंज फ्रूट' हें गीत रचलें होतें. बिलीच्या नेहमींच्या कंपनीनें तें मुद्रित करण्याचें नाकारलें. तेव्हां कमोडोर या लहानशा कंपनीकडून २० एप्रिल १९३९ रोजीं तिनें तें मुद्रित करविलें. गायनगृहांत हें गीत ती शेवटीं गाई. त्या वेळीं दिवे मालवीत, वाढपी जागच्या जागीं थांबत, आणि तिच्या मुखावर तेवढा प्रकाश राही.

मादक पदार्थांच्या व्यसनानें तिच्या आयुष्याची माती केली, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. १९४७ सालीं तिला कारावास घडला. सुटकेनंतर न्यूयॉर्कच्या मद्यगृहांतून गाण्याचा परवानाही राहिला नाहीं. तरी मार्च १९४८ मध्यें कार्नेगी हॉल तिच्यासाठीं तुडुंब भरला. १७ जुलै १९५९ रोजीं, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, ती निवर्तली.

पालकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांस जवळ बसवून ही तबकडी एकदां ऐकवावी व तिचा अर्थ समजावून सांगावा. मुलांनीं तिचें व्यसन टाळावें. पण अन्यायापुढें गप्प न बसण्याचा तिचा बाणा मात्र अवश्य घ्यावा.