सांद्रो बोत्तिचेल्ली : रूप आणि श्रद्धा

फ्लॉरेन्स नगरीत इ. स. १४४५ च्या सुमारास कातडी कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या मारिआनो फिलिपेपी याच्या घरी जन्मलेला आलेस्सांद्रो पुढे बोत्तिचेल्ली या टोपणनावाने ख्यात झाला. त्याने फ्रा फिलिप्पो लिप्पी याच्यापाशी चित्रविद्येचे धडे घेतले. प्रवाही, किंचित विषण्ण अशी त्याची रेषा हा या गुरूचाच वारसा होय. १४८१-८२ मध्ये रोम येथील सिस्टाइन चॅपेलच्या भिंती रंगविण्याचा मान त्याला लाभला, तो इटलीतील अग्रगण्य चित्रकारांत त्याची गणना होऊ लागली होती म्हणूनच.

त्या काळी फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने मार्सीलिओ फिचीनो हा तत्त्वज्ञ प्लेटोचे संवाद लॅटिनमध्ये आणीत होता. ऐहिक सौंदर्य हे ईश्वरी तेजाचे प्रतिबिंब असून त्याविषयीचे प्रेम आत्म्याला पायरीपायरीने ईश्वराकडे नेते, असे त्याचे प्रतिपादन होते. या विचारामुळे ग्रीक-रोमन देवतांना ख्रिस्ती मनात प्रतीकरूपाने प्रवेश मिळाला. बोत्तिचेल्लीच्या ‘वसंत’ या चित्रातील व्हीनस विनयाने हात उचलून उभी आहे, आणि तिच्यामागे वृक्षराजीने प्रभावळीसारखी कमान धरली आहे. ती जणू देव्हाऱ्यातील मेरीच. ‘व्हीनसचा जन्म’ या चित्राच्या रचनेत काही अभ्यासकांना येशूच्या बाप्तिस्म्याच्या चित्रांची ठेवण दिसते. उलट, डाळिंब धारण केलेल्या बाल येशूसह त्याने रंगविलेल्या मेरीच्या मुखावर व्हीनसचीच उदासी आहे. ते फळ येशूच्या भावी यातनांचे प्रतीक होय.

हा समन्वय फार काळ टिकला नाही. १४९४ मध्ये मेदिचींची सत्ता उलथली आणि साव्होनारोला या धर्मोपदेशकाचा शब्द नगरात प्रमाण झाला. रूपाचा मोह हा त्याच्या दृष्टीने ईश्वराच्या वाटेवरील अडसर होता. १४९७ मध्ये त्याच्या अनुयायांनी अलंकार, ग्रंथ आणि चित्रे भर चौकात जाळली. १४९८ मध्ये त्यालाच फाशी देऊन त्याचा देह जाळण्यात आला. बोत्तिचेल्लीने त्याचा पंथ स्वीकारून चित्रकला सोडली, असे वासारीने १५५० मध्ये लिहिले. बोत्तिचेल्लीचा भाऊ सिमोने साव्होनारोलाचा अनुयायी होता, हे निश्चित. मात्र चित्रकाराने कुंचला खाली ठेवला नव्हता, याची साक्ष त्याची नंतरची चित्रेच देतात.

त्यांत लंडनच्या नॅशनल गॅलरीतील ‘गूढ येशूजन्म’ हे अग्रगण्य होय. बोत्तिचेल्लीची स्वाक्षरी असलेले हे एकमेव उपलब्ध चित्र. त्यावरील ग्रीक लेखात त्याने १५०० सालाचा आणि इटलीवरील अरिष्टांचा निर्देश केला आहे. वर बारा देवदूत फेर धरून नाचतात, खाली देवदूत माणसांना आलिंगन देतात, आणि सैतान भेगांत दडतात. मेरी मात्र इतरांहून मोठी आहे. यथार्थदर्शनात निष्णात असलेल्या हाताने ते जाणूनबुजून मोडले आहे. येथे आकार ठरतो तो अंतरावरून नव्हे, पावित्र्यावरून.

यास ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. रूप ही ईश्वराची वाट की अडसर, या प्रश्नाला फिचीनोने एक उत्तर दिले, साव्होनारोलाने दुसरे. बोत्तिचेल्लीने संशय पत्करला, पण रूप टाकले नाही. ते नव्या श्रद्धेच्या स्वाधीन केले. ‘गूढ येशूजन्मा’तील फेर धरणाऱ्या देवदूतांची वस्त्रे ‘वसंता’तील नर्तकींच्या वस्त्रांसारखीच लहरतात. १५१० मध्ये तो मरण पावला, आणि ओन्यिस्सान्ती या आपल्या वस्तीतील चर्चमध्येच विसावला. पुढे सुमारे तीन शतके तो विस्मृतीत गेला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज रसिकांनी त्याचे नाव पुन्हा उजळले.