गुठळीचा माग काढणारे विर्शो

करोनाच्या साथीत गंभीर रुग्णांच्या फुफ्फुसांत रक्ताच्या गुठळ्या आढळू लागल्या, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे एक संशोधन पुन्हा उपयोगी पडले. ते होते जर्मन रोगनिदानतज्ज्ञ रुडॉल्फ विर्शो यांचे.

विर्शो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील एका लहान गावात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. बर्लिनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. फुफ्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथल्याच दाहामुळे होते, असा तेव्हा समज होता. विर्शो यांना तो पटेना. अशा अनेक मृतदेहांत पायांच्या शिरांतही गुठळ्या दिसत. त्यांनी कुत्र्यांच्या मानेच्या शिरेत रबराचे तुकडे सोडले. ते रक्ताबरोबर वाहत हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकले. गुठळी एकीकडे तयार होऊन दुसरीकडे जाऊ शकते, हे सिद्ध झाले. ‘थ्रॉम्बोसिस’ आणि ‘एम्बोलिझम’ हे शब्द त्यांचेच.

१८४८ मध्ये त्यांना सायलेशियातील टायफसच्या साथीच्या पाहणीसाठी पाठवण्यात आले. साथीचे मूळ गरिबी, उपासमार आणि निरक्षरतेत आहे, असा अहवाल त्यांनी दिला. त्याच वर्षीच्या क्रांतीत भाग घेतल्याने सरकारची मर्जी गेली आणि त्यांना बर्लिन सोडावे लागले. १८५६ मध्ये ते सन्मानाने परतले. पुढे बर्लिनच्या सांडपाणी योजनेसाठीही ते झटले.

रक्त साकळण्याची तीन कारणे आज ‘विर्शोचे त्रिकूट’ म्हणून ओळखली जातात: रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, रक्तप्रवाह मंदावणे आणि रक्ताची साकळण्याची वाढलेली प्रवृत्ती. हे नाव मात्र त्यांच्या मृत्यूनंतर पडले. गंभीर करोनात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. दाहामुळे अस्तर दुखावते, रुग्ण अंथरुणाला खिळतो, रक्तातील साकळणारे घटक वाढतात. शिवाय फुफ्फुसाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या जागच्या जागीही तयार होतात.

म्हणून हेपारिनसारखी औषधे दिली जातात. पण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत हेपारिनच्या पूर्ण मात्रेचा फायदा रुग्णालयातील कमी गंभीर रुग्णांना झाला, अतिदक्षता विभागातील रुग्णांना झाला नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये किंवा बंदही करू नये, ते यासाठीच.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रामगाडीतून उतरताना पडून विर्शो यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते पूर्ण सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. असे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आज गुठळी होऊ नये म्हणून औषध दिले जाते, ते विर्शो यांनी दाखवलेल्या वाटेनेच.